विचारा तर खरं : शेंदूर लावलेलं 'अंडं' आणि पाटण्याचं खरं टरफल

ह्या महिन्यात सगळी पत्रं पक्ष्यांवर आलीत आणि का आलीत तेही कळलं, कारण ती रील मलाच अकरा जणांनी पाठवली, त्यातले चार तर माझेच जुने विद्यार्थी, ज्यांचा दहावीत भूगोलाचा पेपर निम्मा कोरा असायचा. रीलमध्ये एक माणूस दोन्ही हातांच्या मिठीत भलंमोठं अंडं धरून उभा आहे आणि खाली लिहिलंय 'जगातलं सगळ्यात मोठं अंडं, हत्तीपक्ष्याचं'. हत्तीपक्षी म्हणजे मादागास्कर बेटावरचा, न उडणारा, आता संपलेला अवाढव्य पक्षी. ठीक आहे. केळीच्या करप्याचे आणि बोअरच्या पाण्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज पक्षी.

प्रश्न : रामराम सर. विहिरीचं खोदकाम चालू आहे. पंचवीसेक फुटांवर एक गोल गोटा निघाला, कलिंगडाएवढा, वरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मनी माय म्हनस, 'हाई अंडंच शे, फोडू नको', आणि तिने शेंदूर लावून तो बांधावर मांडला पण. पोरगा म्हणतो हत्तीपक्ष्याचं अंडं आहे, विकलं तर ट्रॅक्टर येईल. घरात दोन पार्ट्या पडल्यात. फोटो पाठवतोय, काय ते खरं सांगा.
– एक शेतकरी, साक्री तालुका

उत्तर : भाऊ, फोटो बघितला, मोठा करून बघितला, आणि आता दोन्ही पार्ट्यांना नाराज करतो. ते अंडं नाही. तो आपला काळा दगडच आहे, कुजत आलेला.

आपला साक्री, पिंपळनेर, धुळे हा सगळा पट्टा म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतलेले. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि जमिनीखाली दगडाचे ठोकळे तयार होतात. मग पावसाचं पाणी त्या भेगांतून मुरतं, ठोकळ्याच्या कोपऱ्याला ते तीन बाजूंनी लागतं, कडेला दोन बाजूंनी आणि सपाट अंगाला एकाच बाजूने, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा हळूहळू गोळा होतो. बाहेरचे पापुद्रे सुटत जातात, आत टणक गड्डा राहतो. तुम्ही घरापुढे टाकायला मुरूम आणता ना, तो ह्याच कुजण्याचा माल. विहीर खोदणाऱ्यांना विचारा, असे गोटे त्यांनी शेकड्याने बाहेर फेकले असतील, फक्त त्यांच्या मोबाईलवर ती रील आलेली नसेल.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर असं बघा. पक्ष्याच्या अंड्याला टरफल एकच असतं आणि सगळीकडून जवळपास सारख्या जाडीचं, कोंबडीचं अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, शहामृगाचं दोन मिलिमीटरच्या आसपास, हत्तीपक्ष्याचं तीन-चार. पापुद्र्याखाली पापुद्रा, त्याखाली अजून पापुद्रा हे कांद्याचं लक्षण आहे, अंड्याचं नाही. दुसरं, टरफलाला बारीक बारीक छिद्रं असतात, आतल्या पिल्लाला हवा लागते म्हणून, साध्या भिंगातून दिसतात. आणि पोराने लिंबू पिळून बघितलं, फसफसलं, असंही तुम्ही लिहिलंय, तर टरफल चुन्याचं असतं म्हणून फसफसतं हे बरोबर, पण आपल्या दगडाच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे खडे असतात तेही फसफसतात आणि मातीतली चुनखडीही फसफसते, म्हणजे लिंबू एकटं काही सिद्ध करत नाही.

शिवाय साधा विचार करा, हजार-अकराशे डिग्रीच्या लाव्ह्यात अंडं राहील का? जीवाश्म शोधायचे तर लाव्ह्याच्या खालच्या खडकात, नाहीतर दोन थरांच्या मध्ये तळी साचली होती त्यांच्या गाळात, नाहीतर वर नद्यांनी आणून टाकलेल्या मातीत. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात लाव्ह्याखालचा लमेटा नावाचा खडक उघडा पडलाय, तिथे डायनासोरची अंडी खरोखर निघतात. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात तर लोक गोल दगड शेताची आणि गुराढोरांची राखण करतात म्हणून 'काकर भैरव' नावाने पिढ्यान्‌पिढ्या पुजत होते आणि ती डायनासोरची अंडी निघाली, २०२३ च्या शेवटी बातम्या आल्या होत्या. म्हणजे तुमच्या मायचं डोकं काही चुकीच्या दिशेने चालत नव्हतं, फक्त नर्मदा ओलांडायची राहिली. शेंदूर राहू द्या. ट्रॅक्टरचं मात्र बँकेतच बघा.

प्रश्न : सर, मी आठवीत आहे. हत्तीपक्षी खरंच हत्ती उचलायचा का? तो म्हणजेच गरुड किंवा जटायू का? आणि भारत व मादागास्कर आधी जोडलेले होते असं वाचलं, तर मग तो आपल्या खान्देशातही असेल ना?
– एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : बेटा, तिन्ही प्रश्न झकास आहेत आणि तिसरा तर असा आहे की त्यावर मोठमोठे लोक कितीतरी वर्षं फसले.

हत्ती उचलायची गोष्ट आली ती खलाशांकडून. तेराव्या शतकात मार्को पोलो मादागास्करबद्दल ऐकीव सांगतो की तिकडे रुख नावाचा पक्षी आहे, तो हत्तीला पंजात धरून वर नेतो आणि खाली आपटतो. हत्तीपक्षी हे नाव त्याच गोष्टीतून पडलं. खरा पक्षी हत्ती सोड, स्वतःलाही जमिनीवरून उचलू शकत नव्हता. त्याचं शास्त्रीय नाव एपिऑर्निस, म्हणजे उंच पक्षी. उंची तीन मीटरच्या घरात, आपल्या घराच्या छताला डोकं टेकेल एवढी, वजन अर्ध्या टनाच्या वर, पाय खांबासारखे आणि पंख नावाला. गरुड नाही, जटायू तर नाहीच, जटायू झुंजायला आकाशात गेला होता, हा पाला आणि फळं खाऊन जमिनीवरच राहिला. २०१८ मध्ये त्याच्या कवटीच्या पोकळीवरून मेंदूचा आकार काढला, त्यात डोळ्यांनी पाहण्याचा भाग अगदी बारका निघाला, म्हणजे हा बहुतेक रात्री हिंडणारा प्राणी, नजर कमी आणि वासावर भिस्त जास्त. एवढं धूड रात्रीचं जंगलातून चाचपडत चाललंय असं चित्र डोळ्यांपुढे आण, मला तरी रुखपेक्षा हेच भारी वाटतं.

त्याच्याबद्दल पहिली लेखी बातमी एका फ्रेंच गव्हर्नरची आहे. एतिएन द फ्लाकूर त्याचं नाव, त्याने १६५८ मध्ये लिहिलं की बेटाच्या दक्षिणेला वूरोंपात्रा नावाचा मोठा पक्षी असतो, शहामृगासारखी अंडी घालतो. पुढे दोनशे वर्षं कोणी फार लक्ष दिलं नाही. मग १८५० च्या सुमारास पॅरिसला अंडी आणि थोडी हाडं पोचली आणि १८५१ साली इसिदोर जोफ्रवा सेंत-इलेर ह्यांनी एपिऑर्निस हे नाव दिलं. अंडं तीस सेंटिमीटरहून लांब, सगळ्यात मोठ्यांचा घेर मीटरभर, आत कोंबडीच्या साधारण दीडशे अंड्यांचा ऐवज. आपल्या स्टँडवरचा भुर्जीवाला एका अंड्यावर अख्खी संध्याकाळ काढेल, फक्त फोडायला हातोडी लागेल.

आता तुझा तिसरा प्रश्न. भारत आणि मादागास्कर जोडलेले होते हे खरंच आहे, साधारण ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. आफ्रिकेत शहामृग, ऑस्ट्रेलियात इमू, दक्षिण अमेरिकेत रिया, न्यूझीलंडमध्ये किवी, मादागास्करमध्ये हत्तीपक्षी, सगळे न उडणारे, म्हणून लोकांना वाटायचं की मूळचा एकच न उडणारा पक्षी असणार, जमीन तुटली आणि तुकड्या-तुकड्यावर बसून तो सगळीकडे वाटला गेला. दिसायला एकदम पटणारी गोष्ट आहे, मीही वर्गात हेच शिकवलं, कबूल करतो. पण २०१४ मध्ये हत्तीपक्ष्याच्या हाडातून डीएनए निघाला आणि त्याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद कोण निघाला, तर शेजारच्या आफ्रिकेतला शहामृग नाही, पार न्यूझीलंडचा किवी! कोंबडीएवढा किवी! आणि त्या दोघांची घराणी वेगळी झाली ती जमिनी तुटून कितीतरी काळ लोटल्यावर. म्हणजे त्यांचे पूर्वज उडत गेले, आणि ज्याच्या त्याच्या बेटावर उतरल्यावर उडणं सोडून दिलं. तेव्हा जमीन जोडलेली होती म्हणून पक्षीही इथे असेल हा हिशेब लागत नाही. आपल्याकडे एपिऑर्निस नव्हता. (आपल्याकडे कोण होता ते पुढच्या उत्तरात.)

अजून एक मजा सांगतो, रीलमध्ये नाही ती. मादागास्कर उष्ण दमट, हाडातला डीएनए तिथे खराब होतो, पण अंड्याचं टरफल जाड आणि घट्ट, त्यात तो अडकून टिकतो. २०१८ मध्ये हाडं मोजून काही शास्त्रज्ञ म्हणाले की सगळ्यात मोठा हत्तीपक्षी एपिऑर्निसहून वेगळाच आहे, त्याला वोरोम्बे असं नावही दिलं, पेपरात फोटो, गाजावाजा. पाच वर्षांनी, २०२३ ला, दुसऱ्यांनी टरफलांमधला डीएनए वाचला तर वोरोम्बे वेगळा निघतच नाही, तो एपिऑर्निसच, बहुधा त्याच्या माद्या. मादी नरापेक्षा बरीच थोराड होती एवढंच. घरी सांगून बघ, आई खूश होईल.

हे पक्षी साधारण हजार वर्षांपूर्वी संपले, म्हणजे आपल्या भास्कराचार्यांच्या थोडं आधी. माणूस त्यांना मारून खायचा ह्याच्या खुणा हाडांवर आहेत, हत्याराने कापल्याच्या. अंडी मात्र अजून वाळूतून निघतात. १९९२ मध्ये तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शाळेच्या पोरांना एक अख्खं अंडं सापडलं, सुमारे दोन हजार वर्षं जुनं. ते तिथे घातलेलं नव्हतं, मादागास्करहून समुद्रात तरंगत तरंगत गेलेलं, हजारो किलोमीटर आणि फुटलं नाही. आमच्याकडे चौकातल्या किराणा दुकानातून अंडी आणताना सहातली एक तरी फुटते.

प्रश्न : सर, आम्ही सगळे पाटणादेवीला गेलो होतो. येताना आमचे एक भाऊबंद म्हणाले की इथे पूर्वी शहामृग होते. मी खूप हसले, म्हटलं बिबट्या म्हणा, शहामृग काय, हे काय आफ्रिका आहे का. शेवभाजीची पैज लागलीय, आठ माणसांची. कोण जिंकलं?
– एक ताई, चाळीसगाव

उत्तर : ताई, शेवभाजी तुमच्याकडून. आठ माणसं म्हणजे शेव अर्धा किलो तरी घ्या, आणि रस्सा जरा झणझणीत करा, हरलात म्हणून फिका करू नका.

पाटणं गाव तुमच्या तालुक्यातलंच. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख तिथला, ते सगळ्यांना पाठ असतं, गाइडही तेच सांगतो. पण त्याच गावाच्या मातीत त्याहून फार जुनं काही आहे. १९७० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या शं. अ. साळी ह्यांनी तिथे खोदकाम केलं. नदीने आणलेल्या मातीचे जाडच्या जाड थर, आणि त्यांत अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं, खालच्या थरात जुनी, वर वर येत जाल तशी बारीक आणि सफाईदार. आणि त्यातच शहामृगाच्या अंड्याचे तुकडे. नुसते तुकडे नाहीत, त्या टरफलाचे मणी केलेले, आणि एका तुकड्यावर टोकदार दगडाने कोरलेली रेघांची जाळीदार नक्षी. टरफलाचंच वय कार्बन पद्धतीने काढलं तर ते आलं सुमारे २५ हजार वर्षं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला शहामृगाचं फार काही वाटलं नाही, नक्षीचं वाटलं. पंचवीस हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तिथे बसून, शेती नाही, मडकं नाही, कापूस तर नाहीच नाही, आणि तो किंवा ती एका फुटक्या टरफलावर रेघा ओढत बसलीय, पोटाला काही उपयोग नाही त्याचा. आणि मणी करणं तर अजून चिकाटीचं काम, तुकडा घ्यायचा, मध्ये भोक पाडायचं, जोर जास्त लागला की तडकलं, परत दुसरा घ्या, मग कडा दगडावर घासून गोल करायच्या. भीमबेटक्यालाही असे मणी सापडलेत.

शहामृग इथे कसा, तर तेव्हा जगभर थंड आणि कोरडा काळ चालू होता, पाऊस आजच्याहून कमी, आणि मोकळी गवताळ माळरानं, म्हणजे शहामृगाला हवं तेच. राजस्थान, माळवा, महाराष्ट्र मिळून चाळीसहून जास्त ठिकाणी ही टरफलं सापडलीत. तरीही शंका घेणारे होतेच की टरफल शहामृगाचंच कशावरून. तर २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी ह्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने भारतात सापडलेल्या अशा टरफलांतून डीएनए काढला आणि तो आफ्रिकेतल्या आजच्या शहामृगाशी ९२ टक्के जुळला. परत टरफलच कामी आलं बघा. हाडं कोल्ह्या-तरसांनी चघळली, मातीने खाल्ली, टरफलाला कोण विचारतो, म्हणून ते राहिलं.

पुढच्या वेळी गेलात तर ओढ्याकाठी टरफलं शोधत बसू नका, तो गौताळा अभयारण्याचा भाग आहे, तिथून काहीच उचलायचं नसतं. आणि चुकून दिसलंच तर हात न लावता फोटो काढा, कारण थरातून निघालेला तुकडा आणि खिशातून निघालेला तुकडा ह्यांत फार फरक आहे. खिशातल्याचं वय कोणीच सांगू शकत नाही.

प्रश्न : तुम्ही मास्तर लोक नक्षी नक्षी करता, पण अशा पुष्कळ 'नक्षीदार' टरफलांवर माणसाने काही कोरलेलंच नाही असं मी वाचलंय. मग पाटण्याचं कशावरून खरं?
– एक वाचक, धुळे

उत्तर : साहेब, बरोबर वाचलंत, आणि असे वाचक असले की लिहायला मजा येते. भारतातल्या डझनावारी टरफलांवर कोरीवकाम आहे असं ऐंशीच्या दशकात जाहीर झालं होतं. मग रॉबर्ट बेडनारिक नावाच्या अभ्यासकाने ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली तर बहुतेकांवरच्या रेघा झाडाच्या मुळांच्या निघाल्या. मूळ टरफलाला चिकटून वाढतं, त्याच्यातून आम्ल सुटतं आणि चुन्यात चर पडतो. आपल्या घरच्या संगमरवरी ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की डाग बसतो, तोच प्रकार. मुळाचा चर वळणं घेत जातो, जाडी कमीजास्त होते, तळ गोलसर असतो. हत्याराची रेघ सरळ, तळाशी टोकदार, आणि एकीवरून दुसरी गेली तर कुठली आधी ओढली तेही कळतं. पाटण्याचा तुकडा ह्या परीक्षेतून पास होऊन बाहेर आला. म्हणून त्याचंच नाव घेतो, उगीच गावाचा अभिमान म्हणून नाही. (थोडा आहे.)

प्रश्न : शहामृग तर आजही जिवंत आहे, मग त्याला प्रागैतिहासिक का म्हणायचं?
– शहादा

उत्तर : आफ्रिकेतला जिवंत आहे, आशियातला गेला. शिवालिकच्या टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून आशियाई शहामृगाला १८७१ सालीच वेगळं नाव मिळालं होतं, स्ट्रुथिओ एशियाटिकस. अरबस्तानातला शहामृग तर विसाव्या शतकापर्यंत होता, बंदुका आणि मोटारी आल्यावर तोही संपला. चुलतभाऊ शिल्लक आहे म्हणून हा जिवंत असं कसं म्हणणार.

प्रश्न : फालतू चर्चा पुरे. हत्तीपक्ष्याचं अंडं किती रुपयांना जातं?
– भुसावळ

उत्तर : हा प्रश्न खरं तर सगळ्यांच्याच मनात होता, तुम्ही विचारलात. २०१३ मध्ये लंडनला एका लिलावात एक अख्खं अंडं ६६ हजार पौंडांच्या वर गेलं. पण ते अख्खं होतं. बाजारात आणि संग्रहालयांत दिसणारी पुष्कळशी अंडी मादागास्करच्या किनाऱ्यावरचे तुकडे गोळा करून, जिगसॉ पझलसारखे जुळवून चिकटवलेली असतात, कधी कधी तर तीन वेगवेगळ्या अंड्यांचे तुकडे एकाच अंड्यात. त्या रीलमध्ये अठराव्या सेकंदाला तो माणूस अंडं फिरवतो, तिथे थांबवून मोठं करून बघा, खालच्या अंगाला सांध्यांच्या रेषा आहेत.